म्हशीच्या जागी मोर

कुरुंदवाड
(तारीख घातलेली न्हाय. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरावर दुधाचं आकडं आणि गॅसवाल्याचा नंबर लिवून लिवून डिसेंबर दिसंना झालाय. नवं आलं की बघून घालीन.)

चिरंजीव जोतीराम यास थोरल्या बहिणीचा, तानाबाईचा, पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळी हिकडं जित्ती हाय, तुम्ही तिकडं पुण्यात कशी हायसा ते कळवावं. तुझा गुडघा कसा हाय? तुझ्या चिमणाबाईचा बीपी उतरला का? आणि पुरात माणसं वाचवलीस म्हणून तुमच्या सोसायटीनं तुला जे 'पूरवीर' सर्टिफिकेट दिलतं, ते अजून हॉलमधेच टांगलंय न्हवं? काच पुसत जा. (का विचारतो ते खाली कळंल. गडबडीनं खालचं आधी वाचू नको. आमटीतला बटाटा आधी खायची तुझी खोड मला ठावं हाय.)

मी लई रागात हाय. फोनच करणार हुतो, पण आवाज चढला की तुझी रेंज जाती. कागदाची रेंज जात न्हाय, म्हणून बसलोय लिवायला. आमच्या दूध संस्थेचं कॅलेंडर तुला म्हायती हाय. बारा म्हैने बारा संचालकांची तोंडं, आणि चेअरमन विजयसिंहाचं तोंड जानेवारीला मोठं आणि बाकीच्या पानांवर कोपऱ्यात बारीक. सकाळी उठून दूध तापवायला ठेवावं तर समोर ही मंडळी. नासंल न्हाय तर काय हुईल! तर ह्या खेपेला विजयसिंहाच्या सुनंनं त्याच्या डोक्यात घातलं की आपण पर्यावरणाचं कॅलेंडर काढायचं, शाळेतल्या पोरांनी काढलेली चित्रं घालायची. मी म्हटलं, देव पावला, जानेवारीतलं त्याचं तोंड सोडलं तर एक वरीस तरी दूध टिकंल.

पोरांनी चित्रं काढली. निम्म्या पोरांनी पृथ्वी काढली आणि पृथ्वीच्या तोंडात थर्मामीटर दिला. राहिलेल्यांनी झाडाला डोळं काढून रडवलं. (झाडाला डोळं असतं तर ते रडलं नसतं, कुऱ्हाडवाल्याला बघून पळालं असतं.) आपल्या विश्वजितच्या राजनंदिनीनं मात्र तसलं काय काढलं न्हाय. तिनं आपलं घर काढलं, एकवीसच्या पुरातलं. चहासारखं तांबडं पाणी खिडक्यांपतोर, वर स्लॅब, स्लॅबवर आपली चांदी म्हैस, म्हशीला धरून मी, आणि पलीकडं पाण्याची निळी टाकी. मला जरा जाडच काढलंय, पण म्हशीशेजारी उभं ऱ्हायल्यावर जाड माणूस बी शोभून दिसतं, म्हणून काय बोललो न्हाय.

तुला तो पूर सांगायला नको. आखाडाचं मटण खायला म्हणून आलतास आणि मटण चुलीवर असतानाच पाणी उंबऱ्यात आलं. बोटवालं म्हणालं, माणसं तेवढी चला. मी म्हटलं, चांदी येत असली तर मी येतो. मग तिला जिन्यानं वर घातली. विश्वजित फुडनं दोरी वडतोय, मी मागनं शेपटी पिरगाळतोय, ती प्रत्येक पायरीवर माझ्या सासरचा उद्धार केल्यागत फुस्कारत्या. सगळ्या गल्लीच्या म्हशी अशाच स्लॅबवर हुत्या. एका स्लॅबवरची वरडली की दुसऱ्या स्लॅबवरची तिला उत्तर द्यायची. ते सगळं त्या पोरीनं माझ्या कडेवर बसून बघितलं, आणि आता चौथीत गेल्यावर कागदावर जसंच्या तसं उतरवलं.

ते चित्र जुलैच्या पानाला घेतलं. आम्ही गल्लीभर सांगितलं. मग एक दिवस विजयसिंहानं मोबाईलवर नमुना धाडला. मी चष्मा पुसून बघितलं, परत पुसून बघितलं. पाणी निळं, पाण्यात दोन बदकं, वर इंद्रधनुष्य, आणि माझ्या हातात चांदीची दोरी हुती तिथं मोर! आरं, मी मोराला दोरी बांधून उभा हाय! दूध संस्थेच्या कॅलेंडरातनं म्हैस काढली आणि मोर घातला! उद्या सकाळी किटली घेऊन मोराखाली बसायचं काय आम्ही?

आणि त्याच्यावर मीठ म्हणजे विजयसिंह घरी आला, चहा प्याला, आणि पोरीला म्हणतो, "बाळ, तू तवा लई बारकी हुतीस, तुला चुकीचं आठवतंय. म्हैस कवा जिना चढती व्हय?" ह्या गड्याला काय म्हायती? कृष्णेचं पाणी पुलाला लागायच्या आधीच हा कोल्हापुरात सासुरवाडीला जाऊन बसलता. पाणी वसरल्यावर आला आणि चिखलात उभा राहून फोटो काढून घेतला. राजनंदिनीनं त्याच्या म्होरं मला इच्यारलं, "आज्जी, आपल्या स्लॅबवर मोर हुता?" मी म्हटलं, न्हाय. ती म्हणाली, मग माझं नाव खोडा, हे माझं चित्र न्हाय. रडली न्हाय. रडली असती तर पेढ्यावर भागलं असतं. ही गोष्ट शाळेपतोर गेली, वर्गातली पोरं तिला 'थापाडी म्हैस' म्हणायला लागली आणि तिनं रंगांचा डबा नेऊन माळ्यावर ठेवला. माझ्या डोळ्यांदेखत माझी नात खोटी पाडली रे ह्यांनी! बाकी काय बी चालंल मला, हे चालणार न्हाय.

दुसऱ्या दिवशी चांदीची धार काढली, भाकरी-पिठलं बांधून घेतलं आणि एसटीनं कोल्हापूर गाठलं. (कंडक्टरनं अर्धं तिकीट देताना आधारकार्ड मागितलं. मी म्हटलं, माझं तोंड बघ, तेच आधार हाय.) राजारामपुरीत त्या सगळ्या गल्ल्या सारख्या, गल्लीगणिक शिकवणीचं क्लास, आणि रिक्षावाला म्हणतो, पावणं, कुठला क्लास? ह्या वयात क्लासला निघालो असं वाटलं त्याला. कशीबशी संस्थेचं कॅलेंडर करणाऱ्या डिझाईनवाल्याची काचेची खोली सापडली. आत असला गारठा की वाटलं दूध गार करायच्या केंद्रातच आलो. अभिराम नावाचा पोरगा, डोक्यावर केसांचा बुचडा, माझ्यापेक्षा बरा घातलेला.

त्याला मी म्हटलं, माझी म्हैस कुठाय? तो चांगल्या घरचा हाय, उठून उभा राहिला, पाणी दिलं. मग सांगाय लागला की आज्जी, म्हशीच्या पोटातनं वायू सुटतो आणि त्यानं जगाचं तापमान वाढतंय, तवा पर्यावरणाच्या कॅलेंडरला म्हैस बरी दिसत न्हाय, आणि लोकांना प्रसन्न वाटलं पाहिजे. मी म्हटलं, वायू माझ्या मालकाच्या बी पोटातनं सुटायचा, म्हणून लग्नाच्या फोटोतनं काढून मोर बसवला न्हाय मी. आणि पुराचं चित्र प्रसन्न करायचं असलं तर आधी पूर प्रसन्न कर जा. म्हैस काढून कुठं ठेवली, ते सांग. तर म्हणतो, कचऱ्याच्या डब्यात. माझं टाळकंच फिरलं. मी टेबलाखालचा डबा वडून उपडा केला. त्यातनं चहाचं कप निघालं. मग त्यानं कॉम्प्युटरातला डबा दावला, व्हय, त्यात बी असतो, आणि तिथं माझी चांदी, आडवी, बदकांच्या ढिगात.

परत घाल म्हटलं तर म्हणाला, चेअरमननी सांगितल्याशिवाय येत न्हाय. बरं म्हटलं, आणि तिथंच सोफ्यावर मांडी घातली, भाकरी सोडली, कांदा बुक्कीनं फोडला. तवर लग्नाच्या पत्रिका छापायला एक कुटुंब आलं, सेंट मारलेलं. कांद्याचा वास गेला तसं ते बी गेलं. मग अभिरामनं आपल्या हातानं विजयसिंहाला फोन लावून दिला. मी फार बोललो न्हाय. एवढंच म्हटलं, दादा, संस्थेची निवडणूक कवा हाय? तो म्हणाला, का वं काकी? मी म्हटलं, न्हाय, आमच्या गल्लीतल्या बायका उद्यापास्नं पलीकडच्या संस्थेला दूध घालणार हायत, तिथलं कॅलेंडर बिनमोराचं असतंय म्हणं. तसा तो म्हणाला, अभिरामला द्या.

चांदी माझ्या म्होरं डब्यातनं उठून स्लॅबवर आली. जिन्यानं आलती त्याच्यापेक्षा गप आली. पाणी तांबडं झालं, बदकं गेली. मोर तेवढा विजयसिंहानं पैसे मोजून घेतलाय म्हणून फेकता येईना, तो आता जानेवारीत त्याच्या फोटोमागं उभा केलाय. पिसारा नेमका डोक्यामागनं निघालाय. देव दिसतोय, पण कुठला ते कळत न्हाय.

असं हाय बघ. बाकी काय न्हाय, सगळं बरं हाय. चिमणाबाईला मीठ कमी खायला सांग.

तुझी आक्का,
तानाबाई

ता. क. खरं काम आता सांगतो. ती निळी टाकी म्हटली न्हवं, त्या टाकीतनं एक डोस्कं वर आलेलं पोरीनं काढलंय. मिशा हायत, चष्मा हाय. शेजारी बाण मारून 'जोतीआजोबा' असं बी लिवलंय, पोरीचं अक्षर चांगलं हाय. अभिराम म्हणतो, नाव-तोंड छापायचं तर त्या माणसाची परवानगी लागती, न्हायतर ते डोस्कं काढून टाकतो. आता तू पुण्यात सांगितलंस की बोटीत उभा राहून माणसं वडून काढली. आम्ही कवा काय बोललो न्हाय. तू टाकीत बसून आतनं झाकण वडून घेतलतंस, आणि बोटवाल्यांनी "ह्यांना टाकीसकट न्यायचं का?" असं इच्यारलतं, हे आम्ही घरातल्या घरात ठेवलं. पण पोरीला मी म्हटलं, डोस्कं पुसूया का? तर म्हणाली, मग मी खोटं काढलं असं हुईल की. म्हशीसाठी राजारामपुरीपतोर भांडाय गेलो आणि भावासाठी पुसाय लावलं, तर ती पोर मला काय म्हणंल? तवा दोन ओळी परवानगीच्या धाड.

ता. क. दुसरं. हे पत्र फ्रिजवर पडून राहिलं, टाकायला कुणाला सवड झाली न्हाय. तवर छापायची घाई आली. तुझ्या परवानगीवर मीच सही केली. पाळण्यात तुझं नाव मीच ठेवलंय, छापायला बी मीच दिलं. कॅलेंडरं आली. राजनंदिनीनं पैलं कॅलेंडर उलटून जुलै बघितला, आणि माळ्यावरचा डबा स्वतःच खाली काढला.

ता. क. तिसरं. तुझं नाव छापलंय म्हणून विजयसिंहानं हौसंनं तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला बी कॅलेंडरांची एक गुंडाळी धाडलीया, घरटी एक. तुझी पत्रासोबत हाय. सर्टिफिकेटाशेजारी खिळा मार. जूनपतोर तुला कुणी काय बोलणार न्हाय.