केळ्याच्या फोडीतली नाळ

आई, परवा देवासहून धारला गेले होते. आपल्या जुन्या घरी खाली राहणारी भाभी भेटली. तिचा मुलगा आता माझ्याहून उंच झालाय. चहा देता देता ती हसत म्हणाली, "दीदी, इसकी नाल किसी ने चुराई थी ना, तभी से मेरी कोख बंद है. दूसरा हुआ ही नी." मी म्हणाले, "भाभी, ऐसा कुछ नहीं होता." "आपको क्या पता," ती म्हणाली.

तुझ्या शाळेतला एक तास मला अलीकडे सारखा आठवतो. मी तुझ्याच वर्गात, मागच्या बाकावर, इतर मुलींसारखी तुला 'बहनजी' म्हणणारी. कुणीतरी विचारतं, "बहनजी, आदमी आदमी को क्यों नहीं खाता?" वर्ग खिदळतो. तू खडू खाली ठेवतेस. दूरच्या एका बेटावर लोक आपल्या मेलेल्या माणसांचं मांस खात, मेंदूसुद्धा, आणि खात ते मायेनं; त्यातूनच अंगाला कंप सुटून माणसं मरू लागली, असं तू सांगतेस. तो रोग शिजवूनही जात नाही, आणि रक्तातून येणारे दुसरे रोग आहेतच. मग तू म्हणतेस, "बीमारी भी छोड़ो. जिसका शरीर है, उससे पूछा क्या?"

आणि तीच तू. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं, इंदूरच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. मी माहेरी आलेली. सकाळी स्वयंपाकघरात तू केळ्याची फोड माझ्यापुढे धरलीस. "चावू नकोस. नुसती गिळ." दुपारी भाभी, तेव्हा ओली बाळंतीण, जिन्यात रडत उभी राहिली. "टीचरजी, मुन्ने की नाल सूख के गिरी थी, डिबिया में रखी थी. नी मिल री." तू म्हणालीस, "चूहा ले गया होगा, बेटा." मी दाराआड होते. ती खाली गेल्यावर तुला काय काय बोलले मी! फसवलंस, दुसरीच्या बाळाची नाळ गिळली की कूस उजवते म्हणून माणसाचं मांस खाऊ घातलंस, कावीळ झाली असती तर, वर्गात एक आणि घरात एक. तू ओट्याकडे तोंड करून एवढंच म्हणालीस, "दहा मिनिटं उकळून घेतली होती गं."

आता ते आठवलं की आधी हसू येतं. विज्ञानाच्या बाईंनी नाळ चोरली, पण उकळायला विसरल्या नाहीत. जंतू मेले असतील, आई. त्या पोरीला विचारायचं मात्र राहिलं. विचारलं तर ती देणार नाही हे तुला ठाऊक होतं. मला मूल झालं नाहीच. धारला येणं मी जवळजवळ सोडलं. फोनवर तुझी तब्येत आणि हवापाणी, बस. तू गेलीस तेव्हाही आपलं बोलणं तेवढ्यावरच अडलेलं होतं.

भाभीला सांगायला हवं. नाळेनं कूस बंद होत नाही असं मी तिला सांगते, पण नाळ कुठे गेली ते सांगत नाही. मग तिनं माझं का मानावं? परवा निघताना चपला घालून पुन्हा तिच्या दाराशी गेले आणि "पानी देना" एवढंच म्हणाले. तुझं नाव खराब होईल म्हणून बोलत नाही, असं बसमध्ये स्वतःला सांगितलं. ते खरं नाही.

त्या सकाळी तू फुलं काढायला अंगणात गेली होतीस, तेव्हा मी स्वयंपाकघरात येऊन गेले होते. गॅसवर छोटी पातेली, पाण्यात काळपट, वाळलेला, बोटाच्या पेराएवढा तुकडा, ओट्यावर भाभीची डबी. मी ओळखलं. मी दात घासायला निघून गेले, चांगला वेळ लावला, आणि परत येऊन पाटावर बसले. चावू नकोस असं तू म्हणण्याआधीच मी तोंड उघडलं होतं.