वांग्याच्या वाफ्यातलं बिनपानाचं फूल

मॅडम, आज प्रयोगशाळेत एका मुलीने मला विचारलं, "याले पानंच नाहीत, मॅडम. ओळखू कशी?" तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा प्रश्न आला की मी रोहिणखेडला आमच्या बांधावर जाऊन उभी राहते.

बीटी कपाशीची, आमच्याकडच्या पऱ्हाटीची, ती पहिली वर्षं. अब्बांनी नवं बियाणं लावलेलं, बांधापलीकडे शेजारच्या काकांची वांगी, आणि पाणी दोघांनाही काकांच्याच विहिरीचं. हिवाळ्यात वांग्यांनी माना टाकल्या आणि त्यांच्या बुडाशी फिकट दांडे वर आले. पान नाही, हिरवेपणाचा मागमूस नाही, वर मात्र निळसर फुलं. नव्या बियाण्याने जमिनीत भलतंच काही जन्माला घातलं, असं गावभर झालं. काका अब्बांना म्हणाले, "हे तुह्या पऱ्हाटीचंच पोर आहे. उद्यापासून हिरीवर येऊ नको." अब्बा "मले काय मालूम, भाऊ" एवढंच म्हणत राहिले. आमची कपाशी बोंडांवर होती, पाण्यावाचून गेलीच असती. पण मला जास्त लागलं ते काकूंचं. लहानपणी माझी वेणी घालणारी ती बाई तोंड फिरवून उभी होती.

एक दांडा कागदात गुंडाळून मी कॉलेजात तुमच्याकडे आणला. कोणत्या कुळातलं, तुम्ही विचारलंत. पानं नाहीत, बुरशी असेल, मी म्हणाले. केवढ्या चिडलात! "फूल दिसत नाही का? पानं गेली म्हणून कूळ जातं होय?" आणि दुसऱ्याच दिवशी एसटीने आमच्या वावरात.

तुम्ही बांधावर मांडी घालून बसता. माझ्या ओढणीवर तीन फुलं मांडता, एक कपाशीचं, एक वांग्याचं, एक त्या दांड्याचं. ब्लेडने तिन्ही चिरून भिंग काकांच्या हातात देता. कपाशीत पुंकेसरांची जुडीच जुडी, वांग्यात पाच, आणि यात चारच, दोन लांब, दोन आखूड. मग त्याचा बीजांडकोश आडवा कापता. आत एकच खोली, भिंतींना धुळीएवढ्या बियांची दाटी. "हे कपाशीचं कुणी लागत नाही," तुम्ही म्हणता. "हे बंबाखूच्या, दुसऱ्या झाडांवर जगणाऱ्या परजीवींच्या कुळातलं. वांग्याच्या मुळाला तोंड लावून जगतं. बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं, आणि हवं ते मूळ जवळ आल्याशिवाय उठत नाही."

"म्हंजे आमच्याच वावरात झोपेल होतं?" काकांचा डोळा भिंगावरून हलेना. "अन् पानं सोडली, हिरवा रंग सोडला, मंग फूल काऊन नाही सोडलं?"

"ते मलाही ठाऊक नाही," तुम्ही हळू म्हणालात आणि भिंग मागून घेऊन त्या फुलावर पुन्हा वाकलात.

बी पडायच्या आत उपटायला हवं होतं, म्हणून दोन्ही घरं वाफ्यात उतरली. काका अब्बांना म्हणाले, "मोटर आज तूच लावजो."

तुमच्या माघारी या कुळाचा पसारा वाढला, मॅडम. ज्वारीच्या मुळांवर जगणारा हिरवा टारफुलाही आता त्यातच धरतात. हे तुम्हाला सांगायचं होतं. पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून आणखी एक सांगते. पाणी सुटलं म्हणून मी त्या दिवशी रडले, असं घरात सगळे अजून सांगतात. खरं तर पाण्याची मला आठवणही नव्हती. पानं, हिरवा रंग, सगळं सोडूनही त्या फुलाने बियांनी भरून ठेवलेली ती एक खोली पाहून मी रडले होते.