सत्तावीसपैकी सत्तावीस

४ जून
मी ओरडतो म्हणे. म्हणून बायकोने मुलीकडे मुक्काम ठोकलाय. मुलीचा निरोप: बाबा, दवाखान्यात रागावरचे सेशन करा, तिथल्या बाई म्हणाल्या फरक पडलाय, तरच आई येईल. मला राग येतच नाही. लोक आणतात. तरी जाणार. चहा स्वतःच्या हातचा प्यावा लागतोय. चहा नाही, काढा.

६ जून
सेशन लसीकरणाच्या खोलीत, फ्रिजला टेकून. बाई माझ्या मुलीहून लहान. मला आजोबा म्हणाली! आधी प्रश्न विचारले. चिडचिड होते का, झोप उडते का. कधीच नाही, कधीतरी, की रोज? मी सभ्य माणसासारखा बहुतेकांना कधीच नाही म्हणालो. मार्क विचारले. सत्तावीसपैकी पाच! छान आहे की, म्हणे. वर चेष्टा. सातवीत नापास झालो तेव्हासुद्धा गणितात याहून जास्त होते.
निश्चय: पहिला नंबर काढायचा.

१३ जून
बाईने श्वास घ्यायला शिकवलं. जन्मल्यापासून काय करतोय मी? रोज म्हटलं की मार्क जास्त, हे मी ताडलं होतं. आज बहुतेक प्रश्नांना रोज, रोज म्हणत सुटलो. अठरा! बाईचं तोंड उतरलं. हुशार पेशंट बघवत नाही. मुलीला कळवलं, तिपटीहून जास्त प्रगती. आईला बॅग भरायला सांग.

२० जून
कंपाउंडरने माझ्याआधी दुसऱ्याला आत सोडलं. कंपाउंडरला झाडलं. नंतर श्वास घेतला. म्हणजे शिकवलेलं सगळं केलं, फक्त क्रम चुकला.

२७ जून
शेवटचं सेशन. पैकीच्या पैकी! बाई रडवेली. आजोबा, तुमच्याइतकं कुणाचंच बिघडलं नाही, म्हणे. या सेशनचा उपयोग होतो का, ते तिला वर कळवायचंय. मार्क जास्त म्हणजे त्रास जास्त. शून्याकडे जायचं असतं.
शून्याकडे! आधी सांगायला हिचं तोंड शिवलं होतं? टेबलावर हात आपटला. लस घ्यायला आलेलं बाळ भोकाड पसरून रडलं. बाईने पुन्हा पहिल्यापासून विचारलं. चिडचिड होते का? कधीच नाही, म्हणून ओरडलो. तिने पेन खाली ठेवलं.

२८ जून
बायकोचा फोन. अहो, पडला का फरक? अगदी शांतपणे म्हणालो, पडला. काय म्हणालात? पडला. नीट ऐकू येत नाही हो. पडला म्हणून सांगतोय ना, बहिरी झालीस का!
मग फोन बंदच. मुलीच्या घरी रेंज नसते, हे मी कधीपासून सांगतोय.