काळाची नाडी आणि बदलीचं स्टिकर

१२ जानेवारी
प्रकाशिका स्टेइनुनचा फोन. येत्या नाताळात माझं पुस्तक खपलं नाही, तर पुढे ती मला छापणार नाही. घाबरलो नाही. आइसलँडमध्ये पुस्तकं नाताळातच खपतात, आणि काळाची नाडी मला कळते. संकल्प: कोळ्याच्या जीवनावर सहाशे पानं.

३ मार्च
पोहायच्या तलावाजवळच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बसून जनमत घेतलं. म्हाताऱ्या म्हणाल्या, कोळी पुरे, खून असेल तर बोल. बरोबर! बँका बुडाल्यापासून लोकांना कुणीतरी गुन्हेगार हवाच असतो. कोळ्याला पहिल्याच पानावर मारला. प्लंबर केतिल कोपऱ्यात बसून नुसता हसत होता. तोही काहीतरी लिहितोय म्हणे. इथे कोण लिहीत नाही?

९ मे
बायकोची भाची म्हणते, खून आता आजीलोक वाचतात. हल्ली स्वतःची जखम लागते. ठीक. मेलेला कोळी आता माझा बाप.

१० मे
बायकोने, आल्दीसने, माझ्या बाबांना फोनवर सगळं सांगितलं. जन्मभर शाळेत कवायत शिकवली त्यांनी. म्हणाले, "मारायचं तर मार बाबा, पण बोटीवर नेऊ नकोस. मला बोट लागते."
वडिलांना साहित्य कळत नाही.

१४ नोव्हेंबर
नव्या पुस्तकांची यादी घरोघरी आली. मी पान एकेचाळीसवर. केतिल पान सातवर, फोटोसकट! तीस वर्षं लोकांच्या सिंकखाली आडवं पडून काय दिसलं, ते लिहिलंय. जिथे खारा मासा उकळायचा तिथे आता पोलिश सूप, फिलिपिनो भात; पाद्रीबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या म्हणून एका घरात दोन चुली. आल्दीस हसतेय, मधेच डोळे पुसतेय. तेही नुसती यादीतली जाहिरात वाचून.
पण ह्यात काळ कुठे आला?

१० डिसेंबर
दोष सापडला! भेटीच्या प्रत्येक पुस्तकावर दुकानाचं बदलीचं स्टिकर असतं. नाही आवडलं, नाताळनंतर बदलून घ्या. दर वर्षी माझी निम्मी पुस्तकं अशीच परत येतात. आज माझं पुस्तक ठेवलेल्या सातही दुकानांत फिरून सगळ्या प्रतींवरची स्टिकरं नखाने खरवडली. आता परत करून दाखवा म्हणावं.

२७ डिसेंबर
स्टेइनुनचा फोन. माझी एकही प्रत परत आली नाही! मी ओरडलोच. ती म्हणाली, "अरे शहाण्या, स्टिकर नसलेलं पुस्तक भेट म्हणून कोण घेणार? विकलंच नाही, तर परत काय येणार? माझं कपाळ?" खप शून्य. पुढच्या वर्षाचं काय, हे विचारण्याआधीच तिने फोन ठेवला.
शून्य फार वाईट दिसतं. एक तरी प्रत खपायला हवी.

२८ डिसेंबर, सकाळी ११
नाताळला आल्दीसने मला केतिलचं पुस्तक दिलं होतं. ते घेऊन बदलीच्या रांगेत उभा राहिलो. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, ह्याच्या बदली हे द्या. तिने माझं पुस्तक उलटसुलट पाहिलं. म्हणाली, "काका, ह्याला स्टिकर नाही. मग परत नाही हं होणार. नक्की ना?"
नक्की, म्हटलं.

दुपारी २
केतिलचं पुस्तक आल्दीसच वाचत होती. खूण एकशे बाराव्या पानावर होती म्हणे. माझं दिलं तिला. पाच मिनिटं चाळलं, मग कोट चढवून निघाली. कुठे, विचारलं.
"केतिलकडे," म्हणाली. "पुढे काय झालं ते तोंडी विचारते."