तनयच्या चित्रफितीखाली थांबलेला निरोप

प्रति,
मा. श्री. विश्वेश्वर देसाई,
मुक्त संवाद अधिकारी,
खुली दारे शिक्षण न्यास, विभागीय कार्यालय,
मल्लेश्वरम, बेंगळुरू.

अर्जदार : नागनाथ शिंत्रे, येलहंका उपनगर, बेंगळुरू.

विषय : इयत्ता चौथीतील चि. तनय शिंत्रे याची ‘अंगण’ या शाळेच्या समाजमाध्यमावरील चित्रफीत काढून टाकण्याची विनंती मागे घेणे, आणि तिच्याखाली अडकलेला एक आवाजी निरोप सत्र संपण्यापूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ : माझे इंग्रजीतील दोन अर्ज व त्यांना ‘अंगण’वर सर्वांसमक्ष मिळालेली उत्तरे.

महोदय,

हा अर्ज मी मुद्दाम मराठीत आणि कागदावर करीत आहे. याआधीचे दोन्ही अर्ज इंग्रजीत होते. ते अर्ज वाचणाऱ्या आपल्या यंत्राला तत्काळ समजले आणि त्याने तत्काळ उत्तरे दिली. कार्यालयाच्या दारावरील पाटीवर आपले आडनाव वाचले, तेव्हा आपण आमच्याच सीमाभागाकडचे असाल असे वाटले. यंत्राला न कळणारा कागद निदान एखाद्या माणसाच्या हाती पडेल, एवढाच विचार यामागे आहे. उद्धटपणा समजू नये.

१. मी मूळचा निपाणीचा. माझा धाकटा भाऊ योगीराज येलहंक्यात आमच्याकडेच राहत होता व हेब्बाळ येथील एका कंपनीत कामाला होता. गेल्या मार्चमध्ये रस्त्यावरील अपघातात तो वारला. त्याच आठवड्यात आमची आई तानूबाई हिच्या हृदयावर बेळगावात शस्त्रक्रिया झाली होती, आणि मामा तिच्यापाशी होते. धक्का बसेल असे काही तिच्या कानावर घालू नका, असे डॉक्टरांनी बजावले. आम्ही घातले नाही. योगीराजचे सर्व विधी येथेच उरकले. पुढे व्हिडिओ कॉलवर आईला माझे मुंडन केलेले डोके दिसले, तेव्हा तिरुपतीचा नवस फेडला असे मी तिला सांगितले. तिने प्रसादाचा लाडू मागितला. तो मी मल्लेश्वरममधल्या एका मिठाईच्या दुकानातून घेऊन पाठवला. तिने तो आधी कपाळाला लावला व मग खाल्ला. मला या गोष्टीची लाज वाटते, परंतु ती कोणत्याही न्यासाच्या अखत्यारीत येत नाही.

२. आई निपाणीला परतल्यावर दर रविवारी फोन होई. ती योगीची चौकशी करी. आम्हा मोठ्यांची जीभ अडखळे, म्हणून आम्ही तनयला पुढे करीत असू. “काका मीटिंगमध्ये आहे,” हे वाक्य त्याला मी व माझी पत्नी नीलिमा यांनी शिकवले. शेवटी आई त्याला नेहमी विचारी, “जेवलास काय रे?” त्यावर काय जेवला याचे सविस्तर वर्णन तो करी, आणि त्यात मात्र काही खोटे नसे. हा प्रश्न त्याने कधी अनुत्तरित ठेवला नाही, हे कृपया लक्षात असू द्यावे.

३. आपल्या शाळेत लपवण्यासारखे काही नसते, हे प्रवेशाच्या वेळी आम्हांस सांगण्यात आले होते व ते आम्हांस आवडले होते. मुलांच्या वह्या, चित्रे, गुण, डब्यातले पदार्थ आणि आपसांतली भांडणे, सर्व काही ‘अंगण’ या शाळेच्या समाजमाध्यमावर येते. जून महिन्यात आजी-आजोबांनाही अंगणात आणण्याची मोहीम निघाली. ज्याचे आजी-आजोबा आले नाहीत त्याच्या नावापुढे करडा ठिपका पडत असे. तनयच्या नावापुढे तो पडू नये म्हणून मी आईचा नंबर दिला. निपाणीत तिच्या शेजारी राहणाऱ्या धनलक्ष्मी अक्कांनी तिला फोनवर सर्व लावून दिले, आणि नातवाची चित्रे पाहण्यात आईचा वेळ बरा जाऊ लागला.

४. जुलैमधील ‘खुल्या तासिके’त मुलांनी मनातली एक न सांगितलेली गोष्ट, जी भाषा जवळची वाटेल तीत सांगावी, असे ठरले होते. तनय मराठीत बोलला. वर्गात मराठी जाणणारे दुसरे कोणी नाही. वर्गशिक्षिका सोनम मॅडम भल्या बाई आहेत, पण त्यांनाही मराठी येत नाही. मुलगा रडत बोलतो आहे एवढे सर्वांना दिसले आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला होता की, माझा योगी काका मेला आहे, पण आजीला सांगायचे नाही, आणि मला खोटे बोलायला लावतात ते मला आवडत नाही. या चित्रफितीस ‘मनमोकळा तारा’ देण्यात आला. तारा मिळालेली चित्रफीत कुटुंबातील सर्व सदस्यांना अभिनंदनासह आपोआप पाठवली जाते. अशा रीतीने, आम्हा दोघांखेरीज मुलाचे बोलणे कळेल असे जे एकच माणूस तेव्हा आपल्या अंगणात बसलेले होते, त्याच्याकडे ते बरोबर पोचले.

५. त्याच संध्याकाळी आईला दवाखान्यात हलवावे लागले. आम्ही वाटेत असतानाच ती गेली.

६. तेव्हापासून तनय बोललेला नाही. घसा तपासला, कान तपासले, सर्व ठीक आहे. एकदाच त्याने कागदावर लिहून दाखवले : मी बोललो म्हणून आजी गेली. तसे नाही हे आम्ही त्याला पुष्कळ सांगितले. पण आम्ही खोटे सांगतो, हे त्याला चांगले माहीत आहे. आमच्या सांगण्याला आता त्याच्यापाशी काही किंमत राहिलेली नाही, महोदय. आम्ही त्याचे आईबाप आहोत आणि हे लिहिताना मला फार वाईट वाटते.

७. ती चित्रफीत काढून टाकावी असा पहिला अर्ज मी केला. उत्तर आले की, अंगणातील प्रत्येक गोष्टीवर विद्यार्थ्याचा हक्क असल्याने ती काढण्याची मागणी विद्यार्थ्यानेच, खुल्या तासिकेत, वर्गासमोर, स्वतःच्या तोंडाने करावयाची आहे. विद्यार्थी बोलत नाही, असा दुसरा अर्ज केला. विद्यार्थ्याने हरकत नोंदवलेली नसल्याने चित्रफितीस त्याची संमती समजण्यात येत आहे, असे त्याचे उत्तर मिळाले. ही दोन्ही उत्तरे अंगणावर असून त्यांखाली पालकांचे अंगठे व फुले आहेत. त्यानंतर शाळेच्या समुपदेशन कक्षाने सुचवले की, तनयच्या न बोलण्यावर ‘मौनाचा प्रवास’ असा प्रकल्प करावा, त्याचे रोज थोडे चित्रीकरण करावे व ते इतर शाखांनाही पाहण्यास द्यावे. नीलिमा उठून निघून आली. त्याची नोंद ‘पालक मोकळेपणास अनुकूल नाहीत’ अशी झाली. सध्या तनयच्या नावापुढे करडा ठिपका आहे.

८. असे असूनही पूर्वीची मागणी मी आज मागे घेत आहे. कारण पुढीलप्रमाणे. गेल्या आठवड्यात आईचे सामान आवरण्यासाठी निपाणीस गेलो असता धनलक्ष्मी अक्कांनी एक गोष्ट सांगितली. चित्रफीत आईने शेवटपर्यंत पाहिली. मग तिने चित्रफितीखालचे बोलण्याचे बटण कोणते ते विचारून घेतले आणि म्हणाली, “अक्का, तू स्वल्प भायेर थांब. मला नातवासंगं बोलायचं हाय.” अक्का पडवीत जाऊन बसल्या. आतून आईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग तिने हाक मारली, पाणी मागितले आणि छातीत दुखते म्हणाली. दुःखात हे सांगायचे राहूनच गेले, असे अक्का म्हणाल्या. त्यांच्यावर माझा काही राग नाही.

९. तो निरोप आईच्या फोनवर दिसतो, पण वाजत नाही. ‘भाषा निश्चित न झाल्याने परीक्षणाधीन’ असे त्याखाली येते. माझ्या, नीलिमाच्या व तनयच्या खात्यांवर तो दिसतही नाही. चित्रफीत काढल्यास तिच्याखालचे सर्व निरोपही कायमचे जातात आणि परीक्षणाधीन असलेले निरोप सत्रअखेरीस आपोआप नष्ट होतात, असे आपल्या नियमावलीत आहे. सत्र दसऱ्याच्या सुट्टीपूर्वी संपते. म्हणजे पहिल्याच अर्जाला यंत्राने हो म्हटले असते, तर आईचे शेवटचे बोलणे मीच माझ्या सहीने पुसले असते. हे कळल्यापासून माझे मन कुठल्याच कामात लागत नाही.

१०. तरी विनंती की, चित्रफीत जशी आहे तशी राहू द्यावी. ठिपका राहिला तरी चालेल. ‘मौनाचा प्रवास’ करावयाचा असेल, तर माझे चित्रीकरण करावे, मी येऊन बसेन. आलेला प्रत्येक अर्ज अंगणावर लावण्याचा आपला नियम आहे. हाही लावावा, तेथे तो कोणाला वाचता येणार नाही. फक्त तो निरोप आम्हांस ऐकू यावा.

आई त्यात काय बोलली ते आम्हांला ठाऊक नाही. मला शिव्या दिल्या असतील तर त्या मला लागू आहेत. तनयवर रागावली असेल असे मला वाटत नाही, पण रागावली असली तरी ते तिचे खरे बोलणे असेल, आणि आमच्या घरात त्या मुलाला खरे असे काहीतरी ऐकायची फार गरज आहे. परीक्षणासाठी तो कोणी ऐकणे आवश्यक असेल तर आपण ऐकावा. आपल्याला भाषा कळते. मात्र मध्येच बंद करू नये, शेवटपर्यंत ऐकावा. फोन ठेवताना आई त्याला जेवलास काय म्हणून विचारल्याशिवाय राहत नसे. त्या दिवशीही तिने तेवढे विचारले असेल, तर तनय त्याचे उत्तर देईल, असे आम्हांला वाटते.

आपला नम्र, उत्तराची वाट पाहणारा,

(सही)
नागनाथ शिंत्रे
येलहंका उपनगर, बेंगळुरू
दिनांक : ९ सप्टेंबर २०२५

सोबत :
आईच्या मृत्यूचा दाखला (प्रत).
पूर्वीचे दोन्ही अर्ज व उत्तरे (प्रती).
आईचा फोन, चार्जरसह. काम झाल्यावर कृपया परत मिळावा.