निरोगी क्रमांक एकेचाळीस

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, स्कॅन विभागातली निवृत्त तंत्रज्ञ, हे शेवटचं इच्छापत्र माझ्या मर्जीने, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम परक्या डॉक्टरांकडून घेतला. माझा धाकटा भाऊही डॉक्टर आहे, पण माझ्या तब्येतीबद्दल त्याने काही लिहून द्यावं अशी आता माझी इच्छा नाही. आधीच्या मृत्युपत्रात सगळं त्याच्या नावे होतं. ते रद्द समजावं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे याच भावाच्या मुलीला द्यावी. बापाच्या करणीचं खापर मी तिच्या डोक्यावर फोडणार नाही. न्हाणीघराचं दार अडकतं. ते खांद्याने रेटावं, लाथ मारू नये.

२. चित्रावर रेषा काढायची लेखणी आणि मनगटाचा पट्टा माझ्या जागी आलेल्या तंत्रज्ञबाईंना. पट्टा पहिल्या दिवसापासून बांधावा, माझ्यासारखी टाळाटाळ करू नये. या लेखणीने मी चार वर्षं स्कॅनच्या चित्रांत स्वादुपिंडाच्या कडेने रेषा ओढल्या. हा अवयव जठराआड लपून असतो आणि तिथला कर्करोग कळतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. तो आधीच ओळखायला भावाने संगणकाला शिकवायचं ठरवलं आणि कडा दाखवायला माझा हात घेतला. "ताई, तुझ्याइतकी स्वच्छ रेषा कुणाला जमत नाही," असं म्हणायचा, आणि मी हुरळून जायची. विभागात सगळ्यांत शेवटी आलं म्हणून त्या यंत्रणेला आम्ही शेंडेफळ म्हणत असू.

३. विभागातली माझी बसायची चाकाची खुर्ची मी निवृत्त होताच भांडाराच्या कारकुनांनी परस्पर उचलून नेली. ती त्यांनी खुशाल ठेवावी. तिचं एक चाक निखळतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

४. भावाला काहीही देऊ नये. कारण पुढे देते.

शेंडेफळाच्या चाचणीसाठी निरोगी माणसं कमी पडत होती. बाहेरून काही आली, उरलेली जागा विभागातल्या आम्ही एकेक करून टेबलावर आडवं होऊन भरली. माझा क्रमांक एकेचाळीस. आठवड्याने भावाने मला त्याच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर एका चित्राचा तुकडा मोठा करून ठेवला होता. त्यावर नाव नव्हतं, क्रमांक नव्हता. स्वादुपिंडाच्या टोकाला शेंडेफळाने लाल खूण केली होती.

"ताई, यात तुला काही दिसतं का गं?"

"नळी जरा रुंद वाटते. पण माणूस निरोगी आहे ना?"

"एकदम धडधाकट."

"मग शेंडेफळ उगाच घाबरलंय."

"मलाही तसंच वाटलं," तो म्हणाला आणि चहा मागवला.

ते पोट माझं होतं आणि त्याला ते माहीत होतं. क्रमांकांची वही त्याच्याच कपाटात असायची. मंजुरी मिळायला निरोगी माणसांवर जास्तीत जास्त तीन चुकीच्या खुणा चालणार होत्या. माझी चौथी होती. 'चित्र अस्पष्ट' असा शेरा मारून त्याने मला यादीतून काढलं. यंत्रणा मंजूर झाली. समारंभात मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

चौदा महिन्यांनी पाठ धरली, साखर वाढली, कपडे ढगळ झाले. नव्या स्कॅनमध्ये गाठ यकृतापर्यंत पोचलेली दिसली. तुलनेसाठी जुनं चित्र मागवलं, तेव्हा ते मी पहिल्यांदा अख्खं पाहिलं. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत माझ्या पोटात ठेवलेल्या धातूच्या दोन क्लिपा त्यात होत्या, त्यांवरून मी माझं पोट लगेच ओळखलं असतं. भावाने नेमका तेवढा भाग वगळून मला तुकडा दाखवला होता. तेव्हाच गाठ काढता आली असती का, असं मी उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बहुधा."

जाब विचारला तर भाऊ म्हणतो, "तूच म्हणालीस ना, उगाच घाबरलंय म्हणून. तुला कशाला घोर लावायचा?"

हो, मी म्हणाले. परक्याचं पोट समजून मी ते वरवर पाहिलं, ही माझी चूक, आणि ती मला सलते. पण त्याने माझेच डोळे वापरून मला गप्प केलं. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. ताप आला की माझं बोट सोडायचा नाही. त्या भावाने मला फसवलं. याहून सौम्य शब्द मी शोधला, सापडला नाही.

५. माझे दोन्ही स्कॅन शेंडेफळाला द्यावेत. अट अशी की एकेचाळीस क्रमांक यादीत परत घ्यावा आणि 'निरोगी' खोडून खरं काय ते लिहावं. मंजुरीची फेरतपासणी होणार असेल तर होऊ द्यावी. दुसरं, ज्या तीन खुणा चुकीच्या म्हणून मोजल्या, ती तिघं बाहेरची माणसं होती. त्यांना पुन्हा तपासलं का, असं मी भावाला विचारलं. तो चहा मागवायला उठला. त्या तिघांना ताबडतोब बोलवावं. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

६. वकीलबाई सांगतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. भावाला काही मिळत नाही, म्हणून पहिला साक्षीदार तोच. त्याने प्रत्येक पान वाचावं आणि सहीपूर्वी त्या तिघांचं काय केलं ते स्वतःच्या अक्षरात लिहावं. ते लिहून होईपर्यंत मी समोर बसणार आहे.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: ११ मार्च, सकाळी साडेदहा
सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार दोन, खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई: सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार एक, धाकटा भाऊ: सगळी पानं वाचली. एकेचाळीस क्रमांक मी काढला. तिघांच्या घरी आत्ता इथूनच फोन केले. दोघं उद्या येत आहेत. तिसऱ्या बाई सात महिन्यांपूर्वी वारल्या.