मीटरची नाडी

४ मार्च, मंगळवार

मीटर जिवंत आहे! घरातलं सगळं बंद, मेन स्विच खाली ओढलेला, आणि जिन्याखाली मीटरचा लाल दिवा खुशाल लुकलुकतोय! दवाखान्याचं घड्याळ हातावर होतंच. मोजलं. मिनिटाला पाच. मोजताना दुसऱ्या हाताची बोटं मनगटावर गेली होती — माझ्याच! नर्स ती नर्सच.

५ मार्च, बुधवार

ह्यांना सांगितलं. "आता मीटरला जीभ दाखवायला सांग," म्हणाले. हसा!

गेल्या महिन्यात एकशे सात युनिटं. शंभराच्या आत राहिलो तर दर कमी, थकबाकीही हप्त्यांनी. बावीस तारखेच्या रीडिंगला पुन्हा शंभर ओलांडले, तर सगळी थकबाकी एकदम भरा, नाहीतर लाईन तोडणार. तशी नोटीस दाराला चिकटवून गेलेत, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावी अशी.

आणि आम्ही जाळतो तरी काय? दोन दिवे. पंखा फक्त झोपताना. माझा गणवेश गादीखाली इस्त्री होतो. सात महिन्यांपूर्वी फ्रिजसुद्धा विकला, तरी आकडा जागचा हलेना! त्यात सासूबाईंचं 'बंद-करा खातं'. मी खोलीबाहेर पाऊल टाकलं की मागे खट्! स्वतः अंधारात लसूण सोलत बसतात. "माझ्या बोटांना दिसतं," म्हणे. चिक्कूपणाची हद्द झाली.

६ मार्च, गुरुवार

दुपारची पाळी. सकाळी मेन बंद केला आणि मीटरसमोर स्टूल टाकून बसले. वीस मिनिटं लुकलुक. मग अर्धा तास गप्प. मग पुन्हा वीस मिनिटं! आपोआप चालू, आपोआप बंद — अशी घरात एकच वस्तू असते.

फ्रिज!! विकलेला फ्रिज चालूच आहे! अंगावर काटा आला आणि हसूही.

९ मार्च, रविवार

सापडली! सापडली! वायरमनला बोलावलं होतं. मीटरच्या खालून, आमच्या मेनच्या आधी, एक काळी तार निघते आणि पाण्याच्या पाइपामागून वर जाते. मी टाळ्या वाजवल्या. तो मात्र खूश दिसेना. "कुणी जोडली असेल?" विचारलं, तर टेस्टर खिशात घालतो, पुन्हा काढतो. "मी कसं सांगू, ताई... आजी आहेत का घरात?" आजींचं काय लोणचं घालायचंय!

तार वरच्या काकूंच्या खिडकीत शिरते. वरच्या काकू! ज्यांना मी रोज सकाळी इन्सुलिनची सुई टोचते, एक पैसा न घेता! औषध काढायला त्यांचा फ्रिज रोज मीच उघडते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! उद्या सोडत नाही. घरी अजून बोलले नाही — हे तिथल्या तिथे वर जाऊन भांडतील.

१० मार्च, सोमवार

तावातावाने जिना चढले. "काकू, तुमची लाईन तोडली होती ना? परत कशी आली?"

"अगं, ऑफिसला दया आली. आठवड्यात आपोआप आली बघ!"

खोटं बोलणारा चेहरा मला कळतो. 'गोडाला हात लावला नाही' म्हणणारे रोज दहा बघते. हा चेहरा तसला नव्हता. फ्रिज उघडला. पाण्याची एक बाटली, आणि दारात औषधाच्या दोन इवल्याशा कुप्या. बास. एवढ्यासाठी तो राक्षस दिवसरात्र चालतोय! काकूंची लाईन तोडली तेव्हा ह्या कुप्या आमच्याच फ्रिजमध्ये आल्या होत्या. तो विकला त्या दिवशी मीच घर डोक्यावर घेतलं होतं — "फ्रिजशिवाय औषध नासेल, बाई हकनाक जाईल!"

रागवायला आले होते, सुई टोचून खाली आले.

११ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंना विचारलं. "उघडलेली कुपी महिनाभर बाहेर राहते की! थंड जागी ठेवायची, उन्हात नाही. न उघडलेली आपल्या फ्रिजमध्ये आणून ठेव." पंधरा वर्षं सुया टोचतेय आणि मला हे माहीत नाही! लाज वाटली, पण आनंद त्याहून मोठा!

एक कुपी दवाखान्यात. दुसरी काकूंच्या माठाशेजारी, ओल्या फडक्यावर, मातीच्या वाटीत. काकू म्हणतात, "मग ही घरघर कशाला ऐकली मी इतके दिवस?" फ्रिज बंद! मेन खाली ओढून मीटर बघितला. एक मिनिट. दोन. पाच. ठार बंद! जिन्याखाली एकटीच नाचले.

काकूंच्या जुन्या थकबाकीचा हप्त्यांचा अर्ज मीच भरला. त्यांची स्वतःची लाईन येईपर्यंत त्यांचा एक दिवा आमच्यावर. तेवढा पेलेल. तारेचं त्यांना सांगितलं नाही, लाजेनं अर्ध्या होतील. घरीही नाही. ह्यांना म्हटलं, मीटरचा जोड सैल होता.

२२ मार्च, शनिवार

अठ्ठ्याहत्तर!!! माणूस रीडिंग घेऊन गेला आणि नोटीस मी नखांनी खरवडून काढली. हे म्हणाले, "डॉक्टर, पेशंट वाचला!"

२३ मार्च, रविवार

संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः उठून दिवा लावला. मी बघतच राहिले.

"वरची घरघर थांबलीय बारा दिवस," त्या म्हणाल्या. "मग आता लावायला हरकत नाही ना?"

मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं!

"फ्रिज विकला तेव्हा वायरमनला मीच बोलावलं होतं, ती तार जोडायला. बाई हकनाक जाईल, असं तूच ओरडलीस ना? तिला कळलं असतं तर तिनं सुईच सोडली असती. म्हटलं, आपण अंधारात बसून भरून काढू."

सात महिने. आणि मी चिक्कू म्हणत होते त्यांना. ह्याच वहीत!

पंखा मी लावला. बंद करायला त्या उठल्या नाहीत.